ब्राझीलचं कुरण की टेक्सासचा फीडलॉट?

परवा दांडिया बाजारात चहा घेताना मित्राने विचारलं, बीफसाठी गुरं पाळणं स्वस्त कुणाला पडतं, ब्राझीलला की अमेरिकेला? म्हटलं ती समोर रबारी गुराख्याची कांकरेज गाय बघ, वर वळलेली मोठी शिंगं, तिचेच भाऊबंद तिकडे ब्राझीलमध्ये गुझेरा म्हणून मिरवतात, आणि आंध्रातल्या ओंगोल जातीपासून झालेले नेलोर तर तिथे सगळ्यात जास्त, ऊन काय गोचीड काय सगळं सोसतात आणि गवतावर वाढतात, म्हणजे खाद्याचा खर्च फारच कमी. गोची एकच, कोरड्या सीझनला गवत वाळलं की कमावलेलं वजन परत उतरतं, मग जनावर तयार व्हायला ३ वर्षं सहज जातात आणि तोवर पैसा अडकलेला.

टेक्सासात उलटं. अँगस जातीचं जनावर शेवटचे ४-६ महिने फीडलॉटमध्ये (गुरं कोंडून खाऊ घालायचं मोठं आवार) मका खातं, रोज दीड किलोच्या आसपास वाढतं, दीड-दोन वर्षांत विक्रीला. मांसात चरबीची जाळी, त्यामुळे भावही चांगला. पण किलोभर वजनाला ६-७ किलो खाद्य जातं, मका महागला की हिशोब बोंबलला.

साध्या मांसाच्या एक्स्पोर्टला मी तरी ब्राझीलच म्हणेन, महागड्या स्टेकला अमेरिका. (मित्र शुद्ध शाकाहारी आहे, उगाच विचारत होता.)