सिडकोतल्या ताईंचे कॅरेक्टर केक आणि जपानी डब्याचा क्लास : माझा रिव्ह्यू

संभाजीनगरात कार्टूनचा केक आता गल्लोगल्ली मिळतो, पण चेहरा बरोबर जमलेला आणि खायला पण तेवढाच चांगला असा केक मला यांच्याकडंच मिळाला म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ताई सिडकोत घरूनच करतात, बोर्ड वगैरे काही नाही, ऑर्डरी झेपत नाहीत म्हणून नाव-नंबर कुठं टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय त्यामुळं टाकत नाही, त्या भागात घरगुती केकवाल्यांची चौकशी केली तर सापडतील. मी लेकीच्या वाढदिवसाचा केक घेतला आणि नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा जपानी डब्याचा क्लास पण केला, दोन्हीचं लिहिते.

आधी केक. लेकीला हॅलो किटी पाहिजे होती. आता किटी दिसायला एकदम सोपी, पांढरं डोकं, दोन काळे डोळे, पिवळं नाक, दोन्हीकडं तीन-तीन मिशा आणि लाल बो, संपलं. पण इथंच सगळे गंडतात. आदल्या वर्षी एका दुकानातून केक आणला होता त्याच्यावर किटीला चक्क हसरं तोंड काढलेलं, आणि किटीच्या चित्राला तोंड नसतंच हो! १९७४ मध्ये जपानच्या सॅनरिओ कंपनीत युको शिमिझू यांनी ती काढली तेव्हापासून नाही. लेकरानं बॉक्स उघडल्या उघडल्या सांगितलं, ही किटी नाही, ही दुसरीच कोणतरी मांजर आहे. दुकानात फोन केला तर म्हणे मॅडम लहान लेकरांना काय कळतंय. अहो लहान लेकरांनाच कळतं, ती रोज दप्तरावर, कंपासवर तेच बघतात.

ताईंनी ऑर्डर घेतानाच सांगितलं की बो तिच्या डाव्या कानावर येणार, म्हणजे आपण समोरून बघतो तेव्हा उजवीकडं, आणि तोंड काढणार नाही, नंतर तोंड राहिलं म्हणून फोन करू नका. तिथंच माझा विश्वास बसला. मी केक न्यायला जरा लवकर गेले होते तेव्हा डोळे बसवायचं काम चालू होतं, ते बघण्यासारखं असतं. क्रीम लावलेला केक फ्रिजमधून काढला, बटर पेपरवर कापलेला किटीच्या चेहऱ्याचा आकार वर अलगद धरला आणि टूथपिकनं फक्त टिंब टोचले, एक इकडं एक तिकडं, मग कागद काढून घेतला आणि त्या टिंबांवर मेंदीच्या कोनासारख्या छोट्या कागदी कोनातून काळा उभट डोळा भरला. एक डोळा झाला की लगेच दुसरा नाही करायचा, आधी मोबाईलवर फोटो काढून बघायचा. त्या म्हणाल्या समोर बघून वाकडं कळत नाही, फोटोत लगेच कळतं. खरंच एक डोळा तांदळाएवढा वर गेला होता, मला तर उभं राहून काहीच दिसलं नव्हतं, त्यांनी टूथपिकनं काढून परत भरला.

गोंडस चेहऱ्याचं त्यांचं एकच गणित आहे आणि ते क्लासमध्ये पण त्या परत परत सांगतात. डोळे चेहऱ्याच्या मध्याच्या खाली घ्यायचे, एकमेकांपासून लांब ठेवायचे, नाक जवळपास त्याच ओळीत जरासं खाली, कपाळ मोठं सोडायचं. आपण चित्र काढताना डोळे हमखास वर घेतो आणि मग तो चेहरा मोठ्या माणसाचा दिसायला लागतो. बाळाचं डोकं मोठं, कपाळ मोठं, डोळे खाली, गाल गुबगुबीत, आणि असा चेहरा दिसला की माणसाला माया येतेच, हे कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञानं १९४३ मध्येच मांडलेलं. जपानी कॅरेक्टर बघा, किटी घ्या नाहीतर डोरेमॉन घ्या, सगळीकडं गोल मोठं डोकं आणि बुटकं अंग. हे एकदा डोळ्यात बसलं की दुकानातल्या केकच्या फोटोवरूनच कळतं कोणाला जमतंय आणि कोणाला नाही.

आता फाँडंटचं. बरेच जण अख्खा केक फाँडंटनं गुंडाळून देतात, दिसतो भारी, पण ते साखरेचं जाड पांघरूण लेकरं सोलून ताटाच्या कडेला ठेवतात आणि पैसे त्याचेच जास्त लागतात. शिवाय साखर ओल ओढते, फ्रिजमधला थंड फाँडंट आपल्या गरम हवेत आला की त्याला घाम सुटतो, चकचकीत चिकट होतो, रंग ओघळतात. म्हणून ताई फक्त बो फाँडंटचा करतात, त्यात थोडी सीएमसी नावाची खाण्यात चालणारी, घट्टपणा आणणारी पावडर मळतात म्हणजे तो वाळून कडक होतो आणि उभा राहतो, बाकी सगळं क्रीमचं. हा निर्णय मला एकदम पटला. मे महिन्यात ४० च्या वर पारा गेला की बटरक्रीमच्या ऑर्डरी त्या घेतच नाहीत, बाहेरच्या हवेत लोणी तग धरणार नाही असं तोंडावर सांगतात, व्हिप क्रीमचा घ्या नाहीतर राहू द्या.

रंगाचं पण त्यांचं काम स्वच्छ आहे. काळा आणि लाल हे दोन रंग लय त्रासाचे, पांढऱ्या क्रीमला काळं करायचं म्हटलं तर ढीगभर रंग लागतो, क्रीम कडू होतं आणि लेकरांच्या जिभा काळ्या. त्या आधी डार्क चॉकलेटचं गनाश म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण करतात आणि त्यात काळा जेल रंग किंचित घालतात, आधीच गडद असल्यामुळं थोडक्यात भागतं. रंग आदल्या रात्री कालवून ठेवला की सकाळपर्यंत आपोआप गडद होतो, ही पण त्यांचीच टीप. आपल्याकडं खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यांच्याकडच्या बाटल्यांवर ते छापलेलं असतं आणि विचारलं तर बाटली हातात देतात. सुट्या पुडीतला रंग त्या वापरत नाहीत.

चव. वाढदिवस ऑक्टोबरात म्हणजे सीताफळाचा सीझन, आणि बीडच्या सीताफळाला तर जीआय टॅग म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन आहे, तर ताईंनीच विचारलं आत सीताफळ घालू का. एवढं भारी लागलं की पाहुणे किटी सोडून आतलंच मागत होते. सीताफळाचा गर गरम केला की कडवट होतो म्हणून त्या तो अजिबात शिजवत नाहीत, बिया काढून कच्चाच दोन थरांच्या मधे भरतात आणि कडेनं क्रीमचा बांध घालतात म्हणजे गर बाहेर येत नाही. स्पंज बिनअंड्याचा होता, कंडेन्स्ड मिल्कवाला, मऊ पण थोडा जड. अंड्याचा घेतला असता तर हलका झाला असता, आमच्याकडं सासूबाईंना चालत नाही. जपानी सुफले चीजकेक, तो कापसासारखा हलका चीजचा केक, बिनअंड्याचा होईल का विचारलं तर सरळ नाही म्हणाल्या, तो फुगतोच फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर, अंडं काढलं तर ते दुसरंच काहीतरी होईल आणि मी ते त्या नावानं विकणार नाही. मला हे फार आवडलं.

न आवडलेलं पण सांगते. क्रीम दुधाचं नाही, वनस्पती फॅटचं असतं, टाळूला एक थर बसतो तो जाणवतोच. उन्हात तेच टिकतं हे कळतं मला, आणि बाजारातलं २५ टक्के फॅटचं साधं फ्रेश क्रीम फेटून उभं राहत नाही हे पण कळतं, तरी निदान हिवाळ्यात तरी दुधाच्या व्हिपिंग क्रीमचा पर्याय ठेवायला पाहिजे, आम्ही जास्तीचे पैसे देऊ. व्हॉट्सअपला उत्तर लय उशिरा येतं, कधी दुसऱ्या दिवशी. आणि डिलिव्हरी नाही, स्वतः जाऊन आणायचा. भाव दुकानापेक्षा जास्त आहे, कॅरेक्टरचा केक किलोला साधारण दीडपट पडतो, पण चेहऱ्यावर गेलेला वेळ डोळ्यांनी बघितल्यावर मी घासाघीस केली नाही.

आता क्लास. जपानात लेकरांच्या शाळेच्या डब्यात भाताचे पांडे, ससे, अस्वलं करून देतात, त्याला क्याराबेन म्हणतात, तेच इथल्या सामानात करायला शिकवतात आणि यातच या क्लासची खरी किंमत आहे. व्हिडिओ तर सगळेच बघतात, पण त्यातलं सामान आपल्याला मिळतंय कुठं. जपानी चिकट तांदूळ नाही तर मावळातला इंद्रायणी घ्यायचा, तो शिजून चिकटतो, आपला रोजचा कोलम किंवा बासमती मोकळा होतो, त्याचा गोळा लेकराच्या हातात जाईपर्यंत फुटतो. भात कोमट असतानाच मिठाच्या पाण्याचा हात घेऊन वळायचा. या वळलेल्या गोळ्याला जपानीत ओनिगिरी म्हणतात, त्याच्या भातात व्हिनेगर नसतं, ते सुशीच्या भातात असतं, हे इंटरनेटवर बरेच जण एकत्र करून टाकतात. आत जपानी लोक उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ ठेवतात, भात टिकायला बरं म्हणून, ताईंनी तिथं लिंबाच्या मुरलेल्या लोणच्याची फोड ठेवली. माझ्या लेकीनं तीच आधी शोधून खाल्ली.

सगळ्यात भारी काय असेल तर कान बसवायची युक्ती. तिकडं कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा टाचणीसारखा खुपसतात, डब्यातल्या ओलाव्यानं तो दुपारपर्यंत मऊ होतो आणि लेकरू तसंच खाऊन टाकतं, टूथपिकची भीती नाही. ताईंनी त्याच्या जागी जाडसर शेवया घेतल्या, तव्यावर जरा भाजून. बोटाएवढ्या अस्वलाला दोन शेवयांचे तुकडे टोचले, वर भाताचे दोन गोल कान दाबले, डबा उलटा करून हलवून दाखवला, कान जागेवर! आम्ही सगळ्या बायका आवाज करून ओरडलो तिथं.

डोळ्यांसाठी नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद लागतो, तो ऑनलाइन मागवावा लागतो, महाग पडतो आणि पावसाळ्यात नरम पडतो, मग गॅसवर लांबून दोन सेकंद धरला की परत कुरकुरीत. पण नोरी नसली तरी काळे तीळ चिमट्यानं बसवा, मनुकेची साल कापून लावा, चालतं. निळ्या भातासाठी गोकर्णाची फुलं, हिरवा देठ काढून पाण्यात भिजवायची आणि त्याच पाण्यात भात शिजवायचा, अर्ध्या भातावर लिंबू पिळलं की तेवढा जांभळा होतो, लेकरं समोर असतील तर हे त्यांनाच करू द्या. आमच्या गल्लीत चार कुंपणांवर गोकर्ण आहे, फुकटचा रंग. सफरचंदाचा ससा पण झाला, सालीला इंग्रजी व्ही आकाराचा काप देऊन कान उचलायचे आणि मिठाच्या पाण्यात टाकायचा म्हणजे काळा पडत नाही.

आणि डोरायाकी. डोरेमॉनमुळं ही सगळ्या लेकरांना पाठ आहे, दोन छोट्या गोल पॅनकेकच्या मधे गोड केलेल्या लाल अझुकी दाण्यांचं सारण. ताईंनी मधे पुरण भरलं! जायफळ-वेलची घातलेलं आपलं हरभरा डाळीचं पुरण, जरा कोरडं आटवलेलं. जपानी माणूस याला डोरायाकी म्हणेल की नाही ते सोडा, पण माझ्या घरात पुरणपोळीला नाक मुरडणाऱ्या लेकीनं दोन खाल्ल्या, मी तर आता सणाला पुरण उरलं की दुसऱ्या दिवशी हेच करते.

भाताच्या डब्याबद्दल एक गोष्ट ताईंनी दटावून सांगितली ती मी पण सांगते, गरम भात डब्यात कोंबून झाकण लावू नका, आधी पंख्याखाली गार करा. शिजलेला भात उबदार राहिला की त्यात जंतू वाढतात आणि परत गरम केलं तरी त्यांचं विष जात नाही. म्हणून हा डबा सकाळच्या शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंतच, दुपारच्या शाळेला देऊ नका.

क्लासची तक्रार एवढीच की स्वयंपाकघर छोटं आणि बायका जास्त, मागं उभं राहिलं तर हात दिसत नाहीत, पुढची जागा पकडायला लवकर जा. आणि नक्षीचा रोल केक शेवटी फारच घाईत उरकला. म्हणजे रंगीत पिठानं बटर पेपरवर नक्षी काढायची, ट्रे फ्रीझरमध्ये कडक करायचा, मग वरून साधं पीठ ओतून भाजायचं, उलटं केलं की नक्षी वर येते, हे समजलं, पण गुंडाळताना चिरा पडू नयेत म्हणून काय करायचं ते विचारेपर्यंत पुढची बॅच दारात. याचा वेगळा क्लास घ्या म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगितलंय.

ऑर्डर द्यायची असेल तर निदान आठवडाभर आधी द्या, आणि कॅरेक्टरचा नीट समोरून काढलेला फोटो पाठवा, खेळण्याचा तिरका फोटो नको. केक जालन्याला वगैरे न्यायचा असेल तर सकाळी लवकर निघा, बॉक्स सीटवर नाही तर पायाशी सपाट जागेवर ठेवा, एसी चालू, आणि घरी पोचलं की बॉक्स लगेच उघडू नका, बंद बॉक्सच तसाच फ्रिजमध्ये सरकवा. बाहेर काढताना पण बंदच काढा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या, पाणी सुटलं तर बॉक्सवर सुटेल, किटीच्या बोवर नाही.