समुद्रदेवीचे दागिने: तार घ्यावी की चांदी?

समुद्रदेवीच्या कल्पनेवर अंगावर घालायचे दागिने करायचे म्हटलं की पुण्यात बरेच जण आधी बोहरी आळी गाठतात आणि शिंपल्यांचं पाकीट घेऊन येतात. त्याआधी एक ठरवा: देवी मोत्यात दिसायला हवी, की आकारात?

मोत्यात हवी असेल तर तारकाम. ते परकं नाही, आपली नथ म्हणजे मोती तारेत बांधायचंच काम. सांगाड्याला पाऊण मिलिमीटरची तांब्याची तार, मोती बांधायला ०.४ची, जाड तार मोत्याच्या भोकातून सहसा जात नाही आणि जोर लावला तर मोती चिरतो. एक पक्कड, एक गोल तोंडाचा चिमटा, एक कटर, आणि ओट्याचा कोपरा. मंथनातून वर आलेली लक्ष्मी मी अशीच केली: चेहरा नाही, कमळाची एक पाकळी आणि खाली लोंबणारे तीन मोती. खोट एवढीच की तांब्यामुळे घामाने कातडीवर हिरवट डाग पडतो.

पण आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची समुद्रदेवी सेडना घ्या. कथेत बाप तिची बोटं तोडतो आणि त्या बोटांचे सील होतात. तो हात तारेत उतरत नाही, पत्रा कापावाच लागतो. म्हणजे चांदी, करवत, टाकणखार आणि डाख, म्हणजे तापवून सांधा जोडायचा धातू. हे व्हिडिओ बघून येत नाही. कारागिराशेजारी बसायला मिळणार असेल तरच या वाटेला जा. माझ्या पहिल्या पदकात मी मोती आधी बसवला, मग कडीला डाख दिला. मोती तपकिरी होऊन तडकला. चांदी मात्र वाया गेली नाही, वितळवून पुन्हा पत्रा झाला. तारकामात बिघडलेली तार सरळ भंगारात जाते.

रेझिनमधलं, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या पारदर्शक रसायनातलं, निळं पाणी फोटोत झकास दिसतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते चिकट राहतं, उन्हात पिवळं पडतं. मी नाद सोडला.

शिंपले घेताना जपून. नॉटिलस (गोल वळणाचा एक शंख), महाकाय शिंपला आणि काळं प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, दुकानदार काहीही म्हणो. भवानीच्या माळेतल्या साध्या पांढऱ्या कवड्या पुरतात.

नारळी पौर्णिमेला कानातलं तयार हवं असेल तर तारच घ्या. सेडनाचा हात बहुधा पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेला होईल.