वर्गासाठी ऑडिओ गोष्ट: फोनवर भागवावं की रेकॉर्डर मागावा?

'घरची किंवा स्वतःची गोष्ट, पाच मिनिटं, फक्त आवाजात' असं काम वर्गात मिळालं की गोष्ट ठरायच्या आधीच कशावर रेकॉर्ड करायचं याची चर्चा सुरू होते. मी एकच गोष्ट दोन्हींवर रेकॉर्ड केली आहे: आधी माझ्या साध्या अँड्रॉइड फोनवर आणि मग कॉलेजमधून मागून आणलेल्या झूम कंपनीच्या एच१एन या हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर. गोष्ट आजीची. लग्नानंतर ती मुंबईहून आगबोटीने मालवणला आली तेव्हाची. बोट दूर समुद्रात थांबायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी सगळं पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्याला यायचं. रेकॉर्डिंगचे तांत्रिक आकडे सगळीकडे मिळतात, म्हणून त्यांत मी शिरत नाही.

फोनची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. आवाज स्वच्छ येतो. नुसती आजी ऐकवली तर वर्गात कोणी तक्रार करणार नाही. मुख्य म्हणजे समोर फोन ठेवला आहे याचं आता कोणालाच काही वाटत नाही. रेकॉर्डर मात्र वाऱ्यासाठीची केसाळ टोपी घालून समोर आला, तेव्हा आजीने विचारलं, "ह्या काय हाडलंस (आणलंस) रे, उंदीर?" आणि त्यानंतर ती चक्क पुस्तकी मराठीत बोलायला लागली. 'आम्ही मार्गस्थ झालो' वगैरे. घरात टोपीची गरज नव्हतीच. ती काढली, रेकॉर्डर पानाच्या डब्याआड सरकवला, चहा झाला, तेव्हा कुठे ती मालवणीवर आली. ज्यांच्या घरचं माणूस यंत्र बघून आखडतं त्यांनी हा मुद्दा हलका समजू नये.

आता माझ्यापुरता निकाल ज्यावर लागला ते. आमचं घर मालवणात दांडीला, समुद्र पडवीतून ऐकू येतो. आजी सांगते, "खलाशान हात धरल्यान आणि माका खाली सोडल्यान," आणि थांबते. तिथे ती नेहमीच थांबते, आणि गोष्टीतली सगळ्यात चांगली जागा तीच. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ती थांबली की मागचा समुद्र हळूहळू वर चढतो, पार पडवीत शिरतो. तिने पुढचा शब्द काढला की झटकन मागे जातो. पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. फोन आपल्या मनाने आवाजाची पातळी कमीजास्त करत असतो. शांतता मिळाली की 'आवाज कमी आहे' असं समजून तो वाढवतो. फोनवरच्या बोलण्याला हे सोयीचं आहे, पण गोष्टीची त्याने वाट लागते.

सलग ऐकताना हे एक वेळ खपून गेलं असतं, जुळवणीत, म्हणजे एडिटिंगमध्ये, मात्र अडलं. ट्रंकेचा किस्सा आजीने चहाआधी सांगितला होता आणि मला तो पडावाच्या वाक्यानंतर हवा होता. जोडल्यावर सांध्यावर समुद्राला पायरी पडली: इकडे गरजतोय, तिकडे दबलेला. क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढवणं) लांबवून पाहिला, तरी कानाला कळतंच. त्यातच फोनची गोंगाट कमी करण्याची सोय लाटेच्या सळसळीलाच गोंगाट समजते आणि अर्धीमुर्धी खाते. उरतो तो समुद्र राहत नाही, नुसती गुळगुळ. नंतर ऑडॅसिटी या जुळवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणं) लावलं तर आजीचा आवाजही पोकळ व्हायला लागतो.

रेकॉर्डरवर पातळीची फिरकी पुढेच असते. आजी मोठ्याने हसली तरी मीटर उणे बारा डेसिबलच्या (शून्याला आवाज फाटतो) फारसं वर जाणार नाही, एवढी लावली आणि मग हात लावला नाही. ऑटो लेव्हल मात्र आठवणीने बंद करायची, नाहीतर हाही फोनसारखाच वागतो. सगळं झाल्यावर कोणी न बोलता पडवीचा मिनिटभर आवाज वेगळा घेतला. समुद्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच अंतरावर राहिला. मग कुठलं वाक्य कुठेही नेलं, मधल्या फटीत तो मिनिटातला तुकडा भरला, की सांधा सापडत नाही. मोजून काही पाहिलेलं नाही, कानाचाच दाखला देतोय. पण ज्यांना ऐकवलं त्यांनाही सांधे दाखवता आले नाहीत.

रेकॉर्डरची कटकटही आहे. हातात धरला तर बोटं हलल्याचं सगळं उतरतं, त्यामुळे घडी घातलेल्या चादरीवर ठेवावा लागतो. बारीक सेल ऐनवेळी दगा देतात, जादा जोडी खिशात असू द्या. शांत खोलीत थोडी सूं ऐकू येते, खरंय. समुद्राशेजारी ती बुडून जाते. २०२४ साली आलेल्या एच१ इसेन्शियलमध्ये ३२-बिट फ्लोटमुळे (हळू-मोठा कुठलाही आवाज न फाटता साठवणारी रेकॉर्डिंगची पद्धत) पातळी लावायची भानगडच उरलेली नाही. तो मिळत असेल तर उत्तमच.

वाऱ्यापुढे दोघेही सारखेच हतबल. उघड्यावर काही घ्यायचं असेल तर ती केसाळ टोपी हवीच, आणि शक्यतो सकाळी लवकर घ्या. उन्हं चढली की खारा वारा सुटतो. पावसाळ्यात पत्र्याखाली तर बसूच नका, कौलाखाली निदान माणूस ऐकू येतं.

जुळवणीचं फार लिहीत नाही. कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटी, फुकट आहे आणि पुरते. फक्त तिची एयूपी३ फाइल म्हणजे जुळवणीची प्रोजेक्ट फाइल, नुसता ऑडिओ नव्हे. ती सरांना पाठवाल तर ऑडॅसिटीशिवाय त्यांच्याकडे काहीच वाजणार नाही, वेव्ह किंवा एमपी३ एक्स्पोर्ट करून द्या. फोनवरच कापाकापी करणार असाल तर मधले तुकडे हलवावे लागणार नाहीत अशी गोष्ट निवडलेली बरी.

तुमची गोष्ट बंद खोलीत, एका दमात, तुमच्याच आवाजात असेल तर फोन घ्या, उगाच धावपळ नको. तुमच्या फोनमध्ये ऑटो गेन (आपोआप पातळी कमीजास्त करणं) बंद करणारं अॅप नीट चालत असेल तर माझी निम्मी तक्रार तिथेच मिटते. काही फोनवर ते चालतं, माझ्या फोनवर चाललं नाही. पण घरचं कोणी थांबत थांबत, मागेपुढे सांगणार असेल आणि मागे समुद्र, पाऊस किंवा माडाची झावळं असतील, तर मी रेकॉर्डरच मागेन. विकत घ्यायला सांगत नाही, एका असाइनमेंटपायी कोण एवढे घालणार. बहुतेक मीडिया विभागांत एखादा पडलेला असतो. गणपतीच्या सुट्टीत घरी जाऊन रेकॉर्ड करायचं सगळ्यांच्याच मनात असतं, तेव्हा विभागाच्या वहीत नाव आत्ताच लावा, आणि नेताना मेमरी कार्ड आत आहे ना ते तिथेच उघडून बघा.