जायंट्स कॉजवे : वरच्या वाटेने जा, बसने परत या

जायंट्स कॉजवे म्हणजे उत्तर आयर्लंडच्या समुद्रकाठी लाव्हातून बनलेले हजारो दगडी खांब. ते बघायला डब्लिनहून भाड्याची गाडी घेऊन निघालो आणि उत्तर आयर्लंडची हद्द कधी लागली ते कळलंच नाही. ना चौकी, ना फाटक. वेगाच्या पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले, एवढीच खूण. नवरा बराच वेळ ६० ची पाटी बघून साठ किलोमीटरनेच चालवत होता आणि मागे गाड्यांची वरात! दुकानात युरोऐवजी पौंड लागतात, तेही लक्षात असू द्या. आणि आयर्लंडच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची संयुक्त व्हिसा योजना) हा शेरा आहे ना, ते निघण्याआधीच बघा. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये मोडतं, म्हणून तो नसेल तर इकडे यायला ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

पायी दगडांपर्यंत जायला तिकीट नाही. पैसे पडतात ते पार्किंग आणि माहिती केंद्राचे. केंद्र छान आहे, पण आम्ही ते उरकलं. खरी मजा बाहेर.

खाली जायला दोन वाटा. निळ्या खुणांची म्हणजे सरळ डांबरी उतार, सगळी गर्दी तिथूनच जाते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना नवऱ्याबरोबर तिथल्या छोट्या बसने पाठवलं. बसचे पैसे वेगळे, पण किरकोळ. मी आणि लेक लाल खुणांच्या वाटेने कड्यावरून निघालो. डावीकडे खोल समुद्र, उजवीकडे कुरणं, आणि मे महिना असल्याने गॉर्सची पिवळीधमक काटेरी झुडपं. त्या फुलांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो! लेकीला पटेना, मग तीच दर दहा पावलांवर थांबून हुंगत बसली. वारा मात्र असा, की टोपी घालू नका. माझी आता अटलांटिकमध्ये आहे.

वरून पाहिलं तर काळ्या दगडांचं एक बोट समुद्रात घुसलेलं दिसतं. 'एवढंच?' असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. मग शेफर्ड्स स्टेप्सच्या १६२ पायऱ्या उतरलो (तीव्र आहेत, चढून येण्यापेक्षा उतरणंच बरं), आणि मत बदललं. खाली पोचल्यावर लगेच डावीकडे मुख्य दगडांकडे वळू नका. आधी उजवीकडे 'ऑर्गन' बघा. कड्यात उभे खांब, चर्चमधल्या ऑर्गन वाद्याच्या नळ्यांसारखे, सर्वांत उंच सुमारे १२ मीटर. त्याच कड्यांत एक लालसर थर दिसतो. दोन लाव्हांच्या मधे इतका काळ गेला, की उष्ण, दमट हवेत खालच्या खडकाची लाल माती झाली, आणि मग तिच्यावर पुन्हा लाव्हा आला. मला सगळ्यात आवडलं ते हेच, आणि नेमकं तिथे फोटो काढायला कुणी थांबत नाही.

मुख्य दगड सुमारे ४०,०००, बहुतेक षटकोनी. लाव्हा हळूहळू थंड होत आकसला आणि तडकला, वाळत्या चिखलासारखा. फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जायला हा रस्ता बांधला, अशी तिथली गोष्ट. पाण्याजवळचे काळे दगड भयंकर निसरडे आहेत. स्लीपर घालून आलेल्या एका माणसाला आमच्यासमोर आपटताना पाहिलं. फटींत नाणी खोचायची टूमही निघाली आहे. ती गंजून फुगतात आणि दगड फोडतात. लेकीच्या हातातलं नाणं मी परत पर्समध्ये टाकलं.

गुण पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो गर्दीसाठी. अकरानंतर बसमागून बस रिकामी होते, सकाळी लवकर जा.

सासूबाई एका खांबावर ऐसपैस बसल्या होत्या. दगड हाताने चाचपत म्हणाल्या, "हा तर आपल्या सह्याद्रीतलाच की गं. पण एवढी सरळ फरशी आमच्या गवंड्याला कधी जमली नाही." दोन बस सोडल्या, तरी उठायला तयार नव्हत्या.