धोक्याच्या पाट्यांचा रिव्ह्यू: रेनिसफ्यारा साडेतीन, हनाकापिआई दोन, आणि एका टूरला एकच स्टार

लोक बीचचा रिव्ह्यू देतात, सनसेट छान, गर्दी फार वगैरे, मी आज बीचवरच्या धोक्याच्या पाटीचा देतोय. म्हणजे पाटी, झेंडा, दिवा, शिट्टी मारणारा लाईफगार्ड, माणूस मरू नये म्हणून तिथे जी काय सोय असते तिचा. कारण आइसलँडमधल्या रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर बूट भिजवून उभा असताना माझ्या लक्षात आलं की ती मोठी पाटी मी वाचलीच नव्हती, तिच्याशेजारी उभं राहून फोटो मात्र काढला होता.

आधी टूरबद्दल, नाव घेत नाही. छोटी व्हॅन, ड्रायव्हर तोच गाईड, सीट गरम, निघाली वेळेवर, इथपर्यंत सगळं ओके. वाटेत ट्रोलच्या गोष्टी सांगितल्या, ते समुद्रात उभे सुळके आहेत ना, रेनिसद्रांगार, ते म्हणजे जहाज ओढता ओढता उजाडलं म्हणून दगड झालेले ट्रोल, मजा आली ऐकायला. आणि बीच आल्यावर काय सांगितलं? चाळीस मिनिटं आहेत, टॉयलेट त्या बाजूला. झालं. लाटांबद्दल अवाक्षर नाही. ट्रोल कसे मेले ते सविस्तर आणि माणसं कशी मरतात ते तुमचं तुम्ही बघा. एक स्टार, तोही सीटचा.

आता तिथे होतं काय ते सांगतो. पाच-दहा मिनिटं लाटा एकदम शहाण्यासारख्या येतात, एका ठरावीक जागेपर्यंत येऊन मागे जातात, त्यामुळे आपण मनातल्या मनात रेघ मारून टाकतो की पाणी इथपर्यंतच येतं, आणि त्या रेघेच्या चार पावलं मागे निवांत उभे राहतो. माझ्या डाव्या हाताला एक बाई मुलाचा फोटो काढत होती, मुलगा समुद्राकडे पाठ करून, दोन्ही हात वर. मग एक लाट आली ती थांबलीच नाही. उंच वगैरे नव्हती हो, भिंतीसारखी अजिबात नाही, गुडघाभर फेस फक्त, पण येतच राहिली, रेघ ओलांडून, मला ओलांडून, मागे ठेवलेल्या कोणाच्या तरी ट्रायपॉडपर्यंत. बाईने पोराला जॅकेटच्या टोपीला धरून खेचलं. आणि पाणी येताना भीती वाटलीच नाही, ती वाटली पाणी परत जाताना, कारण तेव्हा पायाखालची खडी कर्रर्र करत सरकायला लागते आणि आपण जागेवर उभे आहोत तरी समुद्राकडे निघालोय असं होतं. पोहता येतं की नाही हा प्रश्नच नाही तिथे, उभं राहता येतं का एवढाच प्रश्न असतो, आणि पडलात तर पाणी इतकं गार की हातपाय लगेच कामातून जातात.

कारण नंतर वाचलं. या किनाऱ्यापासून सरळ दक्षिणेला निघालात तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे लाटांना वेग घ्यायला अख्खा अटलांटिक मोकळा. वर किनाऱ्याजवळ तळ एकदम खोल, साध्या उतरत्या किनाऱ्यावर लाट लांबूनच फुटत फुटत दमते तशी इथे दमत नाही, सगळा जोर घेऊन थेट पायाशी. मधेच दोन लाटा एकमेकींवर चढतात आणि एकच मोठी होऊन येते, तिला स्नीकर वेव्ह म्हणतात, नाव बरोबर आहे, चोरपावलांनीच येते.

तर पाटीला साडेतीन. २०२२ मध्ये सिग्नलसारखा दिवा बसवलाय, लाटांच्या अंदाजावर चालतो, लाल असेल तर खाली उतरायचंच नाही. पाटीवर नकाशा आहे, कुठपर्यंत उभं राहायचं ते रंगाने दाखवलंय, हे मला फार आवडलं, नुसतं 'सावधान' लिहून मोकळे झाले नाहीत. दीड कापला कारण दिवा कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढून हसत हसत जाणाऱ्याला थांबवायला कोणी नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे ९ वर्षांची मुलगी वाहून गेली, त्यानंतर लाल दिवा आधीपेक्षा लवकर लावायचं ठरलं.

हवाईतल्या कावाई बेटावरच्या हनाकापिआईची पाटी जगप्रसिद्ध आहे, तुम्ही फोटो पाहिला असेल. लाकडी फळी, पाण्याजवळ जाऊ नका, न दिसणाऱ्या प्रवाहांनी इतके पाहुणे मारलेत, आणि खाली जेलमधला कैदी दिवस मोजतो तशा पाच-पाचच्या रेघा, ऐंशीच्या वर. अंगावर काटा येतो खरा. पण मी दोनच स्टार देईन, कारण ही पाटी घाबरवते, शिकवत काही नाही. जंगलातून दोन मैल चालून घामाघूम होऊन माणूस तिथे पोचतो, समोर निळं पाणी, लाईफगार्ड नाही, आणि ऐंशी हा आकडा वाचून प्रत्येकाला वाटतं की ते ऐंशी येडे होते. किनाऱ्याला आड करणारा प्रवाळाचा कट्टा नाही म्हणून लाट आणि ओढ दोन्ही थेट लागतात, हिवाळ्यात तर लाटा वाळूच उचलून नेतात, हे एका ओळीत लिहिलं असतं तर जास्त उपयोग झाला असता असं आपलं माझं मत.

न दिसणारे प्रवाह म्हणजे मुख्यतः रिप करंट, आणि गंमत अशी की ते दिसतात, फक्त उलटे दिसतात. किनाऱ्याकडे आलेलं पाणी कुठून तरी परत जाणार ना, ते एका चिंचोळ्या खोलगट पट्ट्यातून जातं, आणि तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणजे दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधे शांत गडद पट्टा. आता पोरांना घेऊन गेलेला माणूस कुठे उतरेल? शांत दिसतंय तिथेच! जोरात असला तर हा पट्टा सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास ओढतो, ऑलिंपिकवाल्यालाही उलटं पोहून जमायचं नाही. तो खाली खेचत नाही, बाहेर नेतो, लोक बुडतात ते किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत दमतात म्हणून. तरंगायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. ऑस्ट्रेलियात रॉब ब्रँडर नावाचे प्राध्यापक पाण्यात जांभळा रंग सोडून हे दाखवतात, डॉक्टर रिप म्हणतात त्यांना, रंग असा सुसाट समुद्राकडे पळतो की शंभर पाट्या त्यापुढे फिक्या.

तिथल्याच लाल-पिवळ्या झेंड्यांना साडेचार. दोन झेंडे, त्यांच्यामधेच पोहा, विषय संपला. भाषा यायला नको, वाचायला नको, आणि पाणी बदललं की लाईफगार्ड झेंडे उचलून दुसरीकडे रोवतात, छापील पाटीला हे जन्मात जमणार नाही. अर्धा कापला तो झेंड्यांचा दोष नाही, लोक टॉवेल टाकलाय तिथूनच पाण्यात शिरतात. आणि लाईफगार्ड असूनही समुद्र ऐकतोच असं नाही, सिडनीच्या बाँडाय बीचला ६ फेब्रुवारी १९३८ ला लागोपाठ मोठ्या लाटा येऊन शेकडो लोक एकदम बाहेर ओढले गेले, अडीचशेच्या आसपास बाहेर काढले, ५ गेले.

त्याच देशाच्या उत्तरेला क्वीन्सलंडमध्ये पाटीखाली चक्क व्हिनेगरची बाटली ठेवलेली असते. साधारण नोव्हेंबर ते मे बॉक्स जेलीफिशचा सीझन. दुखणं त्याने जात नाही, पण अंगाला चिकटलेल्या ज्या डंखपेशी अजून फुटल्या नाहीत त्या गप्प बसतात. पाटी आणि औषध एकाच खांबावर, याला म्हणतात सर्व्हिस. मोठ्या जेलीफिशसाठी पाण्यात जाळी लावतात, पण इरुकांजी नावाची नखाएवढी जात त्यातूनही आत येते. या पिल्लाचा डंख इतका भयानक असेल यावर कोणाचा विश्वास बसेना म्हणून डॉक्टर जॅक बार्न्सनी १९६१ मध्ये स्वतःला, स्वतःच्या ९ वर्षांच्या मुलाला आणि एका लाईफगार्डला डंख मारून घेतला, तिघेही हॉस्पिटलात. मुलाच्या आईचं काय म्हणणं होतं ते कुठे वाचायला मिळालं नाही.

ब्राझीलच्या रेसिफेला बोआ व्हियाजेम बीच, १९९२ पासून शार्कचे हल्ले, पाटीवरची इंग्रजी ओळ सांगते की इथे धोका सरासरीपेक्षा जास्त आहे. सरासरी कोणाची? बँकेच्या पत्रासारखी भाषा. अडीच.

पाच स्टार एकालाच, आणि ती पाटी नाहीच, माणूस आहे. इंग्लंडमधल्या मोरकँब खाडीत ओहोटीला मैलोनमैल वाळू उघडी पडते, मधे पाय रुतणारे भाग, आणि भरती आली की पाणी समोरून येतं असंही नाही, आधी मागच्या घळीतून येऊन परतीची वाट कापतं. २००४ च्या फेब्रुवारीत रात्री शिंपल्या गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर तिथे बुडाले. याच वाळूवर वाट दाखवायला सोळाव्या शतकापासून राजाने नेमलेला वाटाड्या असतो, सेड्रिक रॉबिन्सननी १९६३ पासून २०१९ पर्यंत हे काम केलं, पगार वर्षाला १५ पौंड आणि राहायला घर. आम्हाला नेलं तेव्हा वाटाड्या आधी जाऊन वाळू तपासून आला होता, झाडाच्या फांद्या रोवून वाट आखलेली, आणि नदी लागली तिथे सगळ्यांना आडवी रांग करायला लावली, एकामागे एक नाही. एकाच जागी इतके पाय पडले की वाळू ढिली होते म्हणे. मांडीपर्यंत पाणी होतं, त्याने काठी वर केली की चालायचं, खाली केली की थांबायचं.

बूट जुने न्या.