काफ स्लीव्ह: पोटरी दुखावल्यानंतर काही महिने वापरून

काफ स्लीव्ह, म्हणजे पोटरीवर चढवायची घट्ट इलॅस्टिक बाही, घातल्याने पोटरी बरी होत नाही, हे आधीच सांगतो. तरी मी ती पुन्हा घेईन.

बॅडमिंटन खेळताना पुढे झेपावलो आणि मागून कुणीतरी काठी मारल्यासारखं झालं. पोटरीतला वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, गुडघा आणि घोटा असे दोन्ही सांधे ओलांडतो. म्हणून गुडघा सरळ असताना एकदम जोर पडला की तोच ताणला जातो, त्यातही बहुतेकदा आतली बाजू. माझी दुखापत दुसऱ्या श्रेणीची निघाली: काही तंतू तुटलेले, पण स्नायू अखंड. अशा दुखापतीला साधारण 4 ते 8 आठवडे लागतात.

सुरुवातीला स्लीव्हचा फायदा जाणवला तो सुजेवर. दिवसभर उभं राहूनही संध्याकाळी पाय जड होत नसे, चालताना पोटरी आवळलेली राहिल्यामुळे धीर यायचा. झोपताना काढून ठेवायचो. वरची कड मात्र गुंडाळली जाऊन गुडघ्याखाली रुतते, आणि घामाने खाज सुटते. धुवून धुवून आता इलॅस्टिक सैल झालंय. गरम पाणी टाळा, सावलीत वाळवा.

खरं काम केलं ते टाचा उचलण्याच्या व्यायामाने. आधी दोन्ही पायांवर, मग दुखऱ्या एकट्या पायावर. गुडघा सरळ ठेवून, आणि वाकवूनही, कारण वाकवल्यावर भार त्याखालच्या सोलिअस या दुसऱ्या स्नायूवर जातो आणि त्याला कुणी विचारतच नाही! दुसऱ्या पायाइतक्याच वेळा टाच उचलता येईपर्यंत फिजिओने धावू दिलं नाही. स्लीव्हचा धोका इथेच आहे: ती घातली की दुखणं दबतं आणि माणूस लवकर पळायला लागतो. पायात ताकद आली की नाही, ते ती काढूनच तपासावं.

काही लागलेलं नसताना पोटरी सुजली, लाल किंवा गरम झाली, तर स्लीव्ह शोधत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागत असेल तर थेट इमर्जन्सीत. पायाचा रक्तपुरवठा मुळात कमी असलेल्यांनीही विचारल्याशिवाय घालू नये.

घेताना पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोजा, उंचीवरून साइझ ठरवू नका. घातल्यावर बोटं थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर ती घट्ट होतेय, लगेच काढा.