पायरियाची जीन टेस्ट: काडी घासण्याआधी एक्स-रे मोजा

‘आमच्या घराण्यातच दात कच्चे’ हे वाक्य दातांच्या दवाखान्यात रोज कानावर पडतं. त्याच समजुतीवर हिरड्यांच्या आजाराची जीन टेस्ट विकली जाते. गालाच्या आतून काडी फिरवायची, पाकीट लॅबला पाठवायचं आणि ‘धोका जास्त’ की ‘धोका सर्वसाधारण’ एवढं सांगणारा कागद घ्यायचा.

नमुना देणं सोपं आहे, तरी घोळ होतो तो इथेच. आधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू बंद, मग साध्या पाण्याने चूळ. काडी गालाला आतून दाबून, गोल फिरवत अर्धा मिनिट घासायची. नुसती लाळेत भिजवून काढली तर तुमच्या पेशी कमी येतात आणि जिवाणूच जास्त जातात. किटमध्ये टिकवणारं द्रव नसेल तर काडी वाळवून कागदी पाकिटात घाला. ओलीच प्लॅस्टिकमध्ये कोंबली तर डीएनए सडतो, पावसाळ्यात तर हमखास.

आता त्या कागदात असतं काय? या प्रकारची सगळ्यात गाजलेली टेस्ट म्हणजे अमेरिकेतली पीएसटी. ती इंटरल्युकिन-१ च्या दोन जनुकांतली एकेक जागा बघायची. इंटरल्युकिन-१ हा सूज पेटवणारा निरोप्या. दोन्ही जागी ठरावीक बदल असला की माणूस ‘पॉझिटिव्ह’. आधार होता केनेथ कॉर्नमन आणि सहकाऱ्यांचा 1997 चा अभ्यास. धूम्रपान न करणाऱ्यांत गंभीर आजार आणि या बदलांचं नातं त्यात ठळक दिसलं. धूम्रपान करणाऱ्यांत मात्र दिसलंच नाही, आणि ही अर्धी बाजू जाहिरातीत मागे पडते.

दुसरी अडचण वंशाची. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तिसरा माणूस पॉझिटिव्ह निघतो. 2000 साली चिनी वंशाच्या 300 जणांत हे प्रमाण अवघं 2.3 टक्के निघालं. चिनी लोकांना पायरिया होत नाही असं थोडंच आहे! एका लोकसमूहावर बेतलेली मोजपट्टी दुसऱ्याला लावली की असं होतं. म्हणून किट घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: धोक्याचा आकडा भारतीय लोकांवर तपासलाय का?

2013 मध्ये मिशिगनमधल्या 5,117 जणांच्या विम्याच्या 16 वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. धूम्रपान, मधुमेह आणि हे जनुकीय बदल, यांपैकी काहीच नसलेल्यांना वर्षातून एक क्लीनिंग पुरेल, असा त्याचा रोख होता. 2015 मध्ये स्कॉट डील आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा मांडली आणि जनुकाच्या जोरावर क्लीनिंग कमी करायला आधार नाही असं दाखवलं. आमच्या मते खरा धोका हाच: ‘निगेटिव्ह’ वाचून निर्धास्त झालेला माणूस.

या टेस्टपेक्षा जास्त सांगणारा हिशेब साध्या एक्स-रेवर होतो. सगळ्यात जास्त हाड गेलेला दात निवडा. इनॅमल (दाताचं कठीण पांढरं कवच) संपतं तिथून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी आणि तिथूनच हाडापर्यंतचं अंतर मोजा. मूळ 13 मिमी, हाड 6 मिमी खाली, म्हणजे 46 टक्के. त्याला वयाने भागा. वय 40 असेल तर उत्तर 1.15. हिरड्यांच्या आजाराच्या 2017 च्या जागतिक वर्गीकरणात 0.25 च्या खाली ग्रेड ए, 1 पर्यंत बी, त्यावर सी, म्हणजे झपाट्याने वाढणारा आजार. दिवसाला 10 किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेह असून एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) 7 टक्के किंवा वर, तरी ग्रेड सीच. एक्स-रे तिरका आला तर मूळ आखूड किंवा लांब दिसतं आणि गणित फसतं. तडकलेला किंवा मुळाशी पू झालेला दात यासाठी धरायचा नाही. मिश्री आणि गुटखा त्या तक्त्यात नाहीत, पण तंबाखूची गोळी धरतात तिथली हिरडी खाली सरकलेली डोळ्यांनाच दिसते.

कागद पॉझिटिव्ह येवो की निगेटिव्ह, उपचार तेच. प्रत्येक दाताभोवती सहा जागी प्रोब (खुणांची बारीक सळई) घालून पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल फट, मोजायचे, मुळांपर्यंत सफाई करायची, फटींसाठी छोटे ब्रश द्यायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. तेव्हाही 6 मिमी किंवा जास्त पॉकेट उरलं तर शस्त्रक्रियेचा विचार. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे ‘रक्त नाही म्हणजे सगळं ठीक’ यावर जाऊ नका.

म्हणून मोठ्यांच्या साध्या पायरियासाठी या टेस्टला पाचपैकी एक. तो एकही काडी टोचत नाही म्हणून.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. तळहात-तळपायांची कातडी जाड, हिरड्या सुजलेल्या आणि दुधाचे दात चार-पाच वर्षांतच गळालेले, असं असेल तर पॅपिलॉन-लफेव्र सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी सीटीएससी जनुकाची तपासणी जरूर करावी, त्यातून आई-बाबा आते-मामे भावंडं असतील तर नक्कीच. पण ती घरपोच किटमधून नव्हे, जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडून. कातडी ठीक आहे आणि दात मुळासकट पडतायत? मग आधी रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम बघा. ते कमी आलं तर हायपोफॉस्फटेशिया या हाडं-दात कमजोर करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा संशय, आणि मग एएलपीएल जनुक. मेख अशी की मुलांत हा आकडा मोठ्यांपेक्षा बराच जास्त असतो. रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापली असेल तर कमी आकडाही ‘नॉर्मल’ दिसतो. लॅबकडून त्या वयाची रेंज मागून घ्या. पडलेला दात फेकू नका, कोरड्या डबीत घालून दाखवायला न्या. वेळेवर पडलेल्या दुधाच्या दाताचं मूळ झिजून गेलेलं असतं, इथे ते अख्खं मिळतं.